एकेचाळीस पांवडे

आमच्या घरात दोनच रंग होते. मी जन्मायच्या आधी काळा आणि मी जन्मल्यावर तांबडा. दोडामार्गाच्या पलीकडल्या गावातून बाबा आणि आई गोव्यात आले, ते पाखल्यांच्या राज्यात. पाखले म्हणजे पोर्तुगीज. आमच्यात त्यांना दुसरं नाव नाही. घाटाच्या पायथ्याच्या एका स्टेशनवर दोघं इंजिनांसाठी कोळसा वाहायची. पुढे डिचोलीत खाणी जोरात चालू झाल्या तशी ती इकडे आली आणि कोळशाच्या जागी डोक्यावर तांबडा खनिज माल आला. पाटी तीच, डोकं तेच. सकाळी पेज, दुपारी पेजेतलं पाणी, रात्री पेजेतली शितं असा आमचा तीन ठाव जेवणाचा बेत असे. बाबांची थुंकी अखेरपर्यंत तांबडी होती. धुळीने की रक्ताने, ते विचारायला डॉक्टर लागतो, आणि डॉक्टरकडे जायला खाडा करावा लागतो. मी मॅट्रिक झालो त्या वर्षी ते गेले.

आईच्या टाळूवर केस नाहीत. बशीएवढी गुळगुळीत जागा आहे, पाटीखाली चुंबळ असायची तिथे. त्यावरून पदर कधी ढळत नाही, त्यामुळे बघणाऱ्यांना ती फार सोवळ्यातली बाई वाटते.

मी बी.ए. झालो. आमच्या सात पिढ्यांत पहिला. आठव्या पिढीमागे कुणी होता की नाही हे सांगायला लिहिता येणारा माणूसच नव्हता, म्हणून सातच म्हणतो. पदवीचा कागद चौकटीत घालून भिंतीवर लावला. रस्त्यावरून खनिजाचे ट्रक गेले की काचेवर तांबडी धूळ बसते आणि आई ती पदराने पुसते. तिला वाचता येत नाही, पण चौकट उलटी टांगली गेली तर लगेच कळतं. "शिक्को खाली व्हयो," म्हणते.

डिचोलीच्या शाळेत मी मास्तर झालो, तरी आईने कोळसा वाहिला हे शाळेत कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलं नव्हतं, हे माझं उत्तर. विचारलं असतं तरी सांगितलं नसतं, हे खरं उत्तर.

समितीत

गोवा घटक राज्य झाला आणि जो तो समिती स्थापन करू लागला. आमच्या शाळेच्या प्रदर्शनाचीही एक झाली. "आमचा गोवा काल आणि आज" असा विषय. कुणी नारळ घेतला, कुणी काजू घेतला, माझ्या वाट्याला आगगाडी आली. डिचोली तालुक्यात आजतागायत रुळाचा हातभर तुकडा नाही. पेडण्यातही नाही. म्हणून तर आगगाडी आमच्यासारख्या अनुभव नसलेल्या शिक्षकाकडे सोपवली गेली.

हेडसरांकडे एक जुना फोटो होता. घाटाच्या पायथ्याच्या स्टेशनवरचा कोळशाचा मनोरा. खाली दगडी जोतं, वर लोखंडी कोठी, कोठीला तिरका नळा. नळ्याखाली इंजिन येऊन उभं राहायचं आणि वरून त्याच्या पोटात कोळसा पडायचा. कोठीच्या डोक्यावर कप्पी, दोर आणि पाळणा दिसत होता. स्टेशनाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथले लोक अजून नोकरीत आहेत. नाव ऐकल्याबरोबर मी ओळखलं होतं. बोललो मात्र नाही.

"यंत्रानं कोळसा वर जायचा!" समितीचे चेअरमन म्हणाले. "बघा, त्या काळातसुद्धा किती प्रगती!"

मी टिपणात लिहिलं, "कोळसा यंत्राने वर नेला जाई." खाली सही केली, सहीपुढे बी.ए. लिहिलं.

या मनोऱ्याची प्रतिकृती मी करायची असं ठरलं, आणि मग तिच्या नावाच्या पाटीवर काय लिहायचं यावर तीन सभा झाल्या. एका बाजूचं म्हणणं "कोळशाचा मनोरा" लिहा, दुसऱ्या बाजूचं म्हणणं "कोळशाचो मनोरो" लिहा. मतभेद दोन मात्रांचा. त्यापायी दोन सभासद एकमेकांकडच्या गणपतीला गेले नाहीत. मला मत विचारलं. माझं घर असं की आई बोलते मालवणी, शेजारी बोलतात कोंकणी, आरती म्हणतो मराठीत आणि ट्रकवाल्याला शिव्या तिन्हीत घालतो. मी म्हटलं, आधी मनोरा तरी बनू दे. हे दोन्ही बाजूंना आवडलं नाही.

मनोऱ्याची मापं कुठेच नव्हती. तिथल्या लोको शेडमधून रिटायर झालेले कायतान नावाचे फिटर त्याच स्टेशनाजवळ राहतात असं कळलं. मी त्यांना पत्र टाकलं. त्यांचं उत्तर आलं कोंकणीत, पण रोमी लिपीत. किरिस्तांव लोक तसंच लिहितात. त्यांचं अक्षर म्हणजे पावसात भिजलेली मुंग्यांची रांग. एका ओळीवर मी कंदील धरून बसलो आणि अखेर लावली: "फावडे ४१."

सभेत सांगितलं, "मनोऱ्यावर एकेचाळीस फावडी होती."

"म्हणजे केवढं मोठं काम!" चेअरमन म्हणाले. ठराव झाला. आमचे चित्रकलेचे शिक्षक गावकर उत्साही माणूस. त्यांनी आठवड्याभरात डालड्याच्या डब्याचा पत्रा कापून नखाएवढी एकेचाळीस फावडी बनवली. दांडे उदबत्तीच्या काड्यांचे. मनोऱ्याची उंची किती ते ठाऊक नाही, रुंदी ठाऊक नाही, फावडी मात्र तयार.

शेवटी ऐकलं की तो मनोरा मोडून भंगारात द्यायचा आहे, कधी ते नक्की नाही. म्हणजे जायचं तर आत्ताच.

शनिवार: डिचोलीहून निघालो

पिशवी भरताना आईने विचारलं, "खंय चाललंस?"

सांगावं लागलं.

ती भांडी घासत होती. हात थांबले. "तो अजून उभो आसा?"

"आहे. पण पाडणार आहेत."

"माका येवचा आसा."

"आये, बसचा प्रवास. तुझे गुडघे..."

"गुडगे माजे तेनीच खाल्ले. बघून तरी येतंय खंय ठेवल्यानी ते."

मला तिला न्यायचं नव्हतं. तिथे कुणी ओळखलं, काही बोललं, ते फिरत फिरत शाळेत पोचलं तर? पण आईला नाही म्हणणारा माणूस आमच्या वाड्यावर अजून जन्मला नाही. होते ते बाबा, तेही हळू आवाजात म्हणायचे.

माझ्या पिशवीत पी.टी.च्या मास्तरांकडून आणलेली लांब उडीची कापडी टेप, वही, पेन्सिल, शेजाऱ्याचा कॅमेरा. आईच्या पिशवीत भाजलेले काजूगर, लुगडं आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी गोल. विचारलं तर म्हणाली, "असूं दे."

बस कारापूरपर्यंत बरी चालली. साखळी सोडल्यावर खनिजाच्या ट्रकांची रांग लागली आणि बस त्या रांगेत वरातीतल्या म्हाताऱ्यासारखी चालू लागली. खिडकी उघडली तर धूळ आत, मिटली तर माणसं शिजतात. कंडक्टर म्हणाला, "शिकिल्ल्यांनी जनेल धांपचें, आमकां सवय आसा." जनेल म्हणजे खिडकी. मी मिटली. सगळ्या बसने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच खाण काढली.

फोंड्याच्या पुढे तांबडा रंग हळूहळू संपला. झाडांची पानं हिरवी दिसू लागली. आई खिडकीला नाक लावून बसली होती. म्हणाली, "पानां हय धुतल्यासारखी आसत. आमच्याकडे कोण धुयत नाय."

स्टेशनवर उतरलो तेव्हा दुपार झाली होती. रुळांच्या पलीकडे, शेडच्या मागे तो उभा होता. फोटोत वाटला त्याहून बुटका आणि फोटोत होता त्याहून काळा. कोठीतून पिंपळ उगवलेला. कप्पी गंजून तिरकी झालेली, पाळण्याचा नुसता सांगाडा लोंबत होता. मी पिशवीतून टेप काढली आणि दोन पावलं टाकली नाहीत तोच मागून आवाज आला.

"ओ भाईसाब! क्या करता है?"

स्टेशनमास्तर दक्षिणेकडचे होते. पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, हातात हिरवं निशाण. मी शाळेचं पत्र दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. एकदा सुलटं आणि एकदा मागची बाजू कोरी आहे का ते.

"देखने का है तो देखो," ते म्हणाले. "देखने का परमिशन नहीं लगता. नापने का लगता है."

"बघणं आणि मोजणं यात फरक काय?" मी माझ्या हिंदीत विचारलं.

"देखने से कुछ लिखना नहीं पड़ता."

"मग परवानगी कोण देतं?"

"ऊपर से आता है."

"किती दिवसांत?"

त्यांनी मनोऱ्याकडे पाहिलं. "उसके गिरने के बाद भी आ सकता है."

फोटोलाही परवानगी लागत होती. कॅमेरा पिशवीत गेला, टेपही गेली. मी बी.ए. झालेला माणूस; लांबून छायेवरून उंची काढायचं गणित मला येतं. पण छाया मोजायलाही टेप रेल्वेच्या जमिनीवरच धरावी लागते, आणि मास्तरांची नजर माझ्या पिशवीवरून हलत नव्हती.

कायतानच्या बाल्कांवात

कायतानबाबांचं घर स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर. पुढे बाल्कांव, म्हणजे दोन बाजूंना बसायचे कट्टे असलेली ओसरी. सत्तरी गाठलेला माणूस, अंगात गंजीफ्रॉक, बोटं अजून ग्रीस लावल्यासारखी काळी.

"यो रे मास्तर, यो. ही कोण? आवय? बस बाये, बस."

आईने वाटेत मला बजावलं होतं की किरिस्तांवाच्या घरी ती पाणीसुद्धा पिणार नाही. कायतानच्या सुनेने चहा आणि उंडे आणले. उंडो म्हणजे वरून टणक, आत मऊ असा गोल पाव. आईने उंड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग उंडो मोडून चहात बुडवला. ती म्हणाली, "पाणी खंय पितंय? चाय आसा ही."

जेवायला हुमण म्हणजे माशांची आमटी, भात आणि सुक्या सुंगटांची म्हणजे कोळंबीची किसमूर होती. आमच्याकडे आमटीला तिरफळं टाकतात, इथे नारळाच्या रसात आंबटाण जास्त. आईने दोनदा भात घेतला आणि मग सुनेला हुमण कसं करावं ते सांगितलं. सुनेनेही ऐकून घेतलं. दोघींनी आपापल्या घरी आपापल्या पद्धतीनेच केलं असणार.

जेवण झाल्यावर कायतानबाब त्या यंत्राचं सांगू लागले. ते ज्या कुणी आणलं त्याने फार दिमाखात आणलं होतं. कप्पी बोटीतून आली, पाळणा बोटीतून आला. पहिल्याच पावसात दोर कुजला, दुसऱ्या पावसात कप्पी अडकली. "मागीर बायलो," कायतान म्हणाले. "त्यो अडकनात." मग बायका, त्या अडकत नाहीत.

आई म्हणाली, "मी आसलंय तेंतूर."

मी वहीत डोकं घातलं. कायतानने तिच्याकडे बराच वेळ निरखून पाहिलं. "बाये, म्हाका याद ना. तुमी सगळ्यो काळ्योच दिसताल्यो. तोंडां कोण पळयतालो?"

मला राग आला. आईला आला नाही. "आमका तरी खंय तुमची तोंडां दिसायची?" ती म्हणाली. "वयसून नुसत्यो टोपयो दिसायच्यो. एका टोपयेक भोक होता."

कायतान मोठ्याने हसले. "ती म्हजी!"

रविवार: चढण

रात्री आम्ही कायतानच्याच घरी राहिलो. सकाळी मी उठून पाहतो तर आई बाल्कांवात तयार बसलेली. लुगड्याचा काचा मारलेला आणि डोक्यावर, पदराच्या खाली, चुंबळ. वर्तमानपत्रातलं गोल ते हेच होतं.

"आये, कित्याक?"

"उघड्या डोक्यान चढाक माका येवचा नाय."

"पण मोजायला परवानगी नाही."

"मोजूक नाय. चढाक?"

"ते मी विचारलं नाही."

"मगे विचारू नकोस." ती चालू लागली. "चढाक तेवा परवानगी लागायची नाय, झिला. बसाक लागायची."

मनोऱ्याच्या मागच्या अंगाला, फोटोत कधी न दिसलेला दगडी जिना होता. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला काही नाही. कठडा नाही, दोर नाही, हवा फक्त. आई पहिल्या पायरीशी वाकली. पायरीच्या पुढच्या अंगावर हाताचा पंजा ताणून उभा लावला, अंगठा खाली, करंगळी वर.

"वीत," ती म्हणाली.

मला एकदम उमजलं. वही काढली. दुसरी पायरी. "वीत." तिसरी. "वीत आनी एक बोट." चौथी. "वीत."

"एकच मोज की आये. बाकीच्या तशाच असणार."

"सगळ्यो सारख्यो नाय. गवंडी पण जेवल्यार येगळो आनी उपाशी येगळो."

ती प्रत्येक पायरीला वाकत होती, हात लावत होती, काहीतरी पुटपुटत होती. मी मागून खाली मान घालून वहीत लिहीत होतो. दहाव्या-बाराव्या पायरीला स्टेशनमास्तर धावत आले. त्यांच्यामागे कायतान, हातात चहाचा कप तसाच.

"अम्मा किधर जाता है?"

मी काही बोलणार तेवढ्यात मास्तर थबकले. त्यांनी पाहिलं: कपाळापर्यंत पदर ओढलेली म्हातारी बाई पायरी-पायरीला वाकते, दगडाला हात लावते, ओठ हलवते. मागे मुलगा वहीत लिहितोय. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

"मन्नत है?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

मी सत्यवचनी माणूस. पण हो म्हणायला मला मान हलवावीही लागली नाही; मान आधीच खाली होती.

"उसके लिए परमिशन नहीं लगता," मास्तर म्हणाले, आणि टोपी छातीशी धरून उभे राहिले. वरून येणाऱ्या मालगाडीची घंटा झाली तेव्हाच गेले. तो माणूस चुकला असं मी आजवर म्हटलेलं नाही. नक्की चुकला का, ते मलाही ठाऊक नाही.

मध्यावर आईला दम लागला. भिंतीला टेकली, पण बसली नाही. मग पुन्हा वीत. वीत आणि दोन बोटं. वीत. शेवटच्या पायरीवर तिने हात लावला आणि मी आकडा घातला: एकेचाळीस.

"एकेचाळीस?" मी मोठ्याने म्हटलं.

खालून कायतान ओरडले, "तेंच तर हांवें बरयलां! पांवडे एकेचाळीस!"

"फावडे?"

"पांवडे मरे, पांवडे! पांयांक लागतात ते! हातांक लागता तें न्हय!" त्यांच्या कपातला अर्धा चहा सांडला. "तुमी शिकिल्ले लोक वाचतात चड, आयकतात उणें!"

पांवडो म्हणजे पायरी. गोव्यात जन्मलो, गोव्यात वाढलो, कोंकणी शेजाऱ्यांच्या ओसरीवर खेळलो. शब्द कानावरून शंभरदा गेला असेल. कागदावर आला तेव्हा मी त्याचं फावडं केलं, सभेपुढे ठेवलं, ठरावात घातलं आणि पत्र्यातून कापून घेतलं. बी.ए.

आईला सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की मी तिचा दंड धरला. "फावडी खंय होती आमका? हातान भरायचंय."

वरून घाट दिसत होता, रूळ दिसत होते, गावाची कौलं दिसत होती. कोठीच्या काठाशी उभी राहून तिने छातीवर हात आडवा धरला. "हयसर येयचो काठ. पाटी उतरायची नाय, मान वाकडी करून ओतायची." ते मी लिहून घेतलं. जिन्याची रुंदीही तिने सांगितली: "एक पाटी चढता, एक उतारता, एकामेकीक लागनत नाय, येवढी." आणि नियम सांगितला. भरलेली पाटी भिंतीकडून जायची, रिकामी बाहेरच्या अंगाने यायची. भरलेलीला भिंतीचा आधार, कारण तिचा तोल गेला तर दोघी जातील, रिकामीचा गेला तर एकटी.

"कुणी गेली?" मी विचारलं.

ती शेवटच्या पायरीवर टेकली, लुगडं सारखं केलं.

"आता बसतंय," म्हणाली.

मीही बसलो. मी म्हटलं, मला ही जागा आधी दाखवायला हवी होतीस.

"तू काय पयल्यांदा इलंस?" ती म्हणाली. "पोटात आसताना किती येळा चढलंस, ता माका इचार. सातव्या म्हयन्यापर्यंत."

बराच वेळ आम्ही बसलो. बसायची परवानगी कुणी विचारली नाही.

उतरताना ती बाहेरच्या अंगाने उतरू लागली. खाली सत्तावीस फूट उघडा खड्डा आणि तिचे पाय तसे.

"आये! भिंतीकडसून ये!"

"रिकामी आसंय मां मी," ती म्हणाली आणि तशीच, बाहेरच्या अंगाने, खालपर्यंत आली.

रेल्वेच्या हद्दीबाहेर चहाचं दुकान होतं. तिथल्या मेजावर मी आईचा हात पसरून ठेवला आणि टेप लावली. पावणेआठ इंच. बोट पाऊण इंच. आईच्या हाताला परवानगी लागत नव्हती. दुकानदार म्हणाला, "बांगड्यो हाडटा?" बांगड्या आणतोस का? मी म्हटलं, नाही, मनोरा बांधतोय. त्याने चहा दिला आणि पुढे काही विचारलं नाही.

परत डिचोलीत

सभेत मी वही ठेवली. कोळसा यंत्राने वर नेला जाई हे वाक्य खोडा म्हणालो. कारण सांगा, म्हणाले. सांगितलं. मापांना आधार काय, असं चेअरमननी विचारलं.

"माझी आई."

"म्हणजे?"

"ती तिथे कोळसा वाहायची. डोक्यावरून. तिच्या वितीनं मोजलंय."

शिपाई चहा घेऊन आला होता, तो ट्रे धरून उभा राहिला. हा क्षण मी कित्येक वर्षं टाळला होता, आणि त्या क्षणात काहीच झालं नाही. चेअरमननी फक्त विचारलं, "त्यांचं काही प्रमाणपत्र?"

"टाळू आहे," मी म्हटलं. "बघायला परवानगी लागेल."

आधाराच्या रकान्यात त्यांनी "स्थानिक माहितगार" असं लिहिलं. मी ते खोडून आईचं नाव घातलं.

"आणि माझी फावडी?" गावकर म्हणाले. त्यांचा चेहरा बघवेना. फावडी काढायला मी तयार होतो, पण चेअरमन म्हणाले की ठरावात एकेचाळीस फावडी आहेत, ठराव फिरवायचा तर खास सभा लागेल. म्हणून फावडी राहिली. जोत्याशी रांगेत उभी आहेत. त्यांना कुणी हात लावलेला नाही, जसा तेव्हाही लावला नव्हता.

पाटीचं भांडण मिटलं नाही. शेवटी दोन्ही बाजूंना मान्य असलेला एकच मजकूर सापडला आणि पाटीवर तेवढंच लिहिलं: "४१." एका बाजूला वाटलं ते मराठीत आहे, दुसऱ्या बाजूला वाटलं कोंकणीत.

एक फूट म्हणजे अर्धा इंच या प्रमाणात मी मनोरा बांधला. जोतं शाडूचं, कोठी पत्र्याची, जिना काजूच्या लाकडाचा. कोळसा खराच, कायतानने पुडीत पाठवलेला. एक मातीची बाई केली आणि डोक्यावर पाटी देऊन जिन्यावर उभी केली. बघणाऱ्यांना नीट दिसावी म्हणून बाहेरच्या अंगाला.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी आईला शाळेत आणलं. तिने बोट लावून पायऱ्या मोजल्या. मग त्या बाईपाशी थांबली.

"हिची पाटी भरलेली आसा," म्हणाली.

"हो."

"मगे ही भायर कित्याक?"

मी बाईला उचललं आणि भिंतीकडे लावलं. गावकर म्हणाले, "सर, आता ती दिसतच नाही!" खरंच दिसत नव्हती. समोरून बघणाऱ्याला फक्त पाटीची कड दिसते. बाजूला जाऊन वाकलं तर बाई दिसते.

ती तिथेच आहे. स्टेशनवरचा मनोरा पुढे पाडला. दगड कुठे गेले ठाऊक नाही. आमचा मनोरा डिचोलीच्या शाळेत काचेच्या कपाटात आहे. जिना साडेतेरा इंच उंच, पायऱ्या एकेचाळीस, सगळ्या सारख्या नाहीत. माप माझ्या आईचं आहे आणि तिचं नाव खाली लिहिलेलं आहे.